जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ बघताना स्क्रीन फाटल्यासारखी दिसते, मित्र म्हणतो मिंट एक्सएफसीई सोडून स्वे टाक. टाकू का?

एवढ्यासाठी नको टाकू. मिंट म्हणजे लिनक्स, एक्सएफसीई हा त्यावरचा हलका डेस्कटॉप, आणि स्वे हा त्या डेस्कटॉपच्या जागी वापरायचा विंडो मॅनेजर. तू सांगतोस ती व्हिडिओमधली आडवी रेष, वरचा भाग एक नि खालचा सरकलेला, ते टिअरिंग आहे आणि ते एक्सएफसीईमधेच जातं बहुतेक वेळा.

विंडो मॅनेजर फक्त विंडो कुठे ठेवायची, कोणती वर कोणती खाली, टायटल बार, एवढं बघतो. कंपोझिटर हा वेगळा प्रकार. तो बंद असेल तर सगळे प्रोग्रॅम थेट स्क्रीनवरच रंगवतात, चालू असेल तर प्रत्येक विंडो मेमरीत आपापल्या कागदावर चित्र काढते आणि कंपोझिटर ते कागद एकावर एक लावून तयार झालेलं पान स्क्रीनला देतो. साधी स्क्रीन सेकंदाला 60 वेळा चित्र बदलते, म्हणजे एका चित्राला साधारण 16.7 मिलिसेकंद, आणि मधेच नवीन चित्र घुसलं की अर्धं जुनं अर्धं नवं दिसतं, तीच तुझी रेष. चांगला कंपोझिटर स्क्रीनचा एक फेरा संपेपर्यंत थांबतो.

तर सेटिंग्जमधे विंडो मॅनेजर ट्वीक्स उघड, शेवटचा टॅब कंपोझिटरचा, तिथे तो चालू आहे ना बघ. त्याच टॅबमधे फुलस्क्रीन विंडो डायरेक्ट दाखवायची एक टिक असते, ती काढ. ती असली की फुलस्क्रीनला कंपोझिटर बाजूला होतो, म्हणजे नेमकं पिक्चर बघताना रेष येणार आणि डेस्कटॉपवर सगळं छान दिसणार, आणि माणूस डोकं खाजवत बसतो. मी सातपूरला फ्लेक्सचं डिझाइन करतो, दुकानातल्या जुन्या मशीनवर ही टिक काढली नि काम झालं. त्यानेही नाही गेलं तर सेटिंग्ज एडिटरमधे एक्सएफडब्ल्यूएम4 (एक्सएफसीईचा विंडो मॅनेजर) मधलं व्हीब्लँक मोड, म्हणजे स्क्रीनच्या फेऱ्याची वाट बघायची पद्धत, जीएलएक्स करून बघ, ही सोय एक्सएफसीई 4.14 पासून म्हणजे 2019 पासून आहे.

आता स्वे. चांगलाच आहे, माझ्या घरच्या लॅपटॉपवर तोच आहे. ड्रू डीव्हॉल्टने सुरू केला, 1.0 मार्च 2019 ला आलं, आयथ्री नावाच्या जुन्या विंडो मॅनेजरची कॉन्फिग फाइल जवळपास तशीच चालते. पण तो वेलँडवरचा आहे, म्हणजे लिनक्समधे स्क्रीनवर चित्र दाखवायची नवी पद्धत, जुनी ती एक्स. वेलँडमधे विंडो मॅनेजर, कंपोझिटर आणि डिस्प्ले सर्व्हर (प्रोग्रॅमचं चित्र स्क्रीनपर्यंत नेणारा) सहसा एकच प्रोग्रॅम असतो. एक्समधे विंडो मॅनेजर पडला तर तुझी फाइल उघडीच राहते, तो परत चालू करायचा नि कामाला लागायचं, स्वे पडला तर सोबत सगळे प्रोग्रॅम गेले. पडतो क्वचितच, पण सेव्ह करत राहायची सवय पाहिजे.

मेनू नाही, आयकॉन नाही, माऊसवाल्याला पहिला आठवडा नको नको होतो. विंडोज की नि एंटर दाबलं की टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), विंडोज की नि डी दाबलं की प्रोग्रॅम निवडायची यादी, बाकी सगळं एका टेक्स्ट फाइलमधे. मराठी टायपिंगचं विचारशील तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्याच फाइलीत दोन ओळी टाकून बसतो, त्याला वेगळं काही लागत नाही. फोनेटिकवाल्यांना मात्र जरा खटपट. आणि कॉलवर स्क्रीन शेअर करायची तर पोर्टलचं पॅकेज (प्रोग्रॅमला स्क्रीन बघू देणारं) वेगळं टाकावं लागतं, ऑनलाइन लेक्चर असतील तर हे आधीच बसवून ठेव.

खुमखुमी असेलच तर मिंट काढू नकोस. त्यातच स्वे इन्स्टॉल कर, कंट्रोल ऑल्ट एफ3 दाबून लॉगिन कर नि तिथे स्वे असं टाइप कर, नाही जमलं तर विंडोज की शिफ्ट ई दाबून बाहेर. फक्त लॅपटॉपात एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे का ते आधी सांग, त्यांच्या क्लोज्ड (कोड खुला नसलेल्या) ड्रायव्हरला स्वेवाले सपोर्ट देत नाहीत, चालवायचं तर अनसपोर्टेड जीपीयूचा ऑप्शन लावून आपल्या जबाबदारीवर चालवायचं.