राणीछाप रुपयावरची ‘पी. एम.’ अक्षरे कोणाची?

प्रश्न : आमच्या घरच्या जुन्या पेटीत ईस्ट इंडिया कंपनीचा 1840 सालचा राणीछाप रुपया सापडला. राणीच्या मानेच्या कडेवर ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ अशी बारीक अक्षरे आहेत, गालावर फूल व चंद्रकोर यांसारखे खोलगट ठसे आहेत आणि एका जागी ठशातल्या मुकुटाखाली ‘पी. एम.’ उमटवलेले आहे. हे ‘पणजी मिंट’ असावे, असे शेजारी म्हणतात. ते बरोबर आहे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : शेजाऱ्यांचा तर्क गोड आहे, पण ‘मिंट’ हा शब्द इंग्रजांचा, पोर्तुगीज टांकसाळीला ‘काझा दा मोएदा’ म्हणत. शिवाय 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्यात नाणी पाडणे थांबले आणि 1881-82 चे गोव्याचे रुपयेही ब्रिटिश हिंदुस्थानातल्या टांकसाळीतून आले. मुकुटाखालची ‘पी. एम.’ ही अक्षरे ‘प्रोविन्सिया द मोसांबिक’, म्हणजे मोझांबिक प्रांत, यांची आहेत. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी रुपया सर्रास चालत असे, आणि 1889 च्या सुमारास तिथल्या पोर्तुगीज सरकारने अशा परक्या चांदीच्या नाण्यांवर, मारिया तेरेसाच्या ऑस्ट्रियन नाण्यांवरसुद्धा, हा ठसा उमटवून त्यांना आपल्या प्रांतात मान्यता दिली. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्यातूनच चालत होता आणि पुढेही गोवेकर तिथे नोकरी-व्यापारासाठी जात राहिले, तेव्हा आपल्या घरातले कोणी आफ्रिकेत होते काय, हे वडीलधाऱ्यांना अवश्य विचारावे.

मानेवरची अक्षरे मात्र नाण्याबरोबरच जन्मलेली आहेत. ती राणीची छबी कोरणाऱ्या विल्यम वायन या कारागिराची आद्याक्षरे असून नाण्याच्या साच्यातूनच आलेली आहेत. याउलट नंतर ठोकलेला ठसा धातू खाली दाबतो, कडेला किंचित वर ढकलतो, आणि त्याच्या नेमक्या मागे दुसऱ्या बाजूची नक्षी चपटी होते. ‘पी. एम.’ अक्षरे स्वतः उठावदार असली तरी ती अशाच दबलेल्या चौकटीत बसलेली दिसतील.

फूल आणि चंद्रकोर ही सराफांची कामगिरी आहे. आत तांबे असून वर चांदीचा मुलामा असेल तर छिन्नीचा घाव ते उघडे पाडतो, म्हणून सराफ नाणे ठोकून पाही आणि आपली खूण ठेवी. तेच नाणे पुन्हा हाती आले की परीक्षेचा खटाटोप वाचे. घासलेल्या वा हिणकस नाण्यावर तो बट्टा कापी (नावाला बट्टा लागतो तो याच व्यवहारातून). अशा खुणांवरून विशिष्ट सराफाचे नाव काढून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मोझांबिकच्या ठशाला संग्राहकांत मागणी असल्यामुळे तो नव्यानेही ठोकला जातो. अस्सल रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅमचा असतो. झिजेमुळे वजन थोडे उतरेल, त्याने बिचकू नये. त्यानंतर भिंगातून ठशाच्या खाचा पाहाव्यात : बाकी नाणे काळवंडलेले असताना खाचांत लख्ख चांदी चमकत असेल, तर तो ठसा अलीकडचा समजावा. ही पारख व्हायची असेल, तर तोवर नाण्याला चिंच-मीठ लावू नये.