म्युझिक लायब्ररीशी करार: एक्सक्लुझिव्ह बरा की नॉन-एक्सक्लुझिव्ह?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्यात राहून नाटकांना पार्श्वसंगीत देता, घरच्या स्टुडिओत केलेले वीसेक ट्रॅक पडून आहेत. एका परदेशी म्युझिक लायब्ररीला (तयार संगीत साठवून चॅनेल, जाहिरातवाल्यांना वापरायला देणाऱ्या कंपनीला) ते सगळे एक्सक्लुझिव्ह हवेत, म्हणजे दुसऱ्या कुणालाही न देता, तेही कायमचे आणि आगाऊ एक पैसा न देता. दुसरी एक साइट नॉन-एक्सक्लुझिव्ह, म्हणजे तुम्ही इतरांनाही देऊ शकाल असे, घ्यायला तयार आहे. सही कुठे करायची?

मी म्हापशाहून हेच काम करतो: जाहिराती, माहितीपट, हॉटेलांचे व्हिडिओ आणि मधल्या वेळात लायब्ररीचे ट्रॅक. माझ्या मते पहिल्या करारावर आहे तशी सही करू नका. पण तो नको म्हणून सगळे वीस ट्रॅक दुसऱ्या साइटवर चढवून मोकळेही होऊ नका. नॉन-एक्सक्लुझिव्ह दिलेला ट्रॅक पुन्हा एक्सक्लुझिव्ह करणं जवळजवळ अशक्य असतं. साइटवरून काढलात तरी आधी ज्यांनी घेतला त्यांचं लायसन्स सहसा चालूच राहतं. कुणाच्या रिसॉर्टच्या व्हिडिओत, कुणाच्या पॉडकास्टमध्ये तो वाजत असतो. पुढे एखाद्या चांगल्या लायब्ररीनं विचारलं की हा पूर्वी कुठे दिलाय का, तर 'नाही' म्हणायची सोय उरत नाही. उलट मुदत घालून एक्सक्लुझिव्ह दिलेला ट्रॅक मुदत संपली की तुमच्याकडे परत येतो, मग तो हव्या तितक्या साइटवर टाका. म्हणजे निवड दोन प्रकारांतली नाहीच, क्रमाची आहे. ज्यात दम आहे ते ट्रॅक आधी एक्सक्लुझिव्हवाल्यांना दाखवायचे. कुणी घेतले नाहीत तर मग नॉन-एक्सक्लुझिव्ह.

लायब्ररीला एवढा हट्ट का असतो? टीव्ही चॅनेल किंवा जाहिरात एजन्सी तिच्याकडून संगीत घेते ती एका हमीवर: उद्या तिसरा कुणी उठून 'हे आमचं' म्हणणार नाही. पूर्वी नॉन-एक्सक्लुझिव्ह लायब्रऱ्या सर्रास री-टायटल करायच्या. तुमची 'मांडवीवरची संध्याकाळ' एकीकडे 'कोस्टल डस्क' व्हायची, दुसरीकडे 'रिव्हर गोल्ड', आणि प्रत्येक लायब्ररी आपल्या नावाला स्वतःला पब्लिशर (रचनेच्या हक्कांचा व्यवहार पाहणारा) म्हणून रॉयल्टी वसूल करणाऱ्या सोसायटीत नोंदवायची. क्यू-शीट (कार्यक्रमात कुठलं संगीत वाजलं त्याची यादी) हातानं भरत होते तोवर हे चाललं. आता फिंगरप्रिंट सॉफ्टवेअर नाव बघत नाही, आवाज ओळखतं. एकाच आवाजाला तीन नावं, तीन पब्लिशर. मग रॉयल्टी कुणाची यावर गाडं अडतं. म्हणून री-टायटल केलेल्या मालाला मोठे ग्राहक नाक मुरडतात. ती दुसरी साइट री-टायटल करते का, हे आधी विचारून घ्या. फक्त लायसन्स विकून कमिशन घेत असेल तर एवढी भानगड नाही.

यूट्यूबचंही तेच. तिथल्या कंटेंट आयडीत (व्हिडिओत वाजणारं संगीत ओळखून मालकाच्या वतीनं क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, लावणाऱ्या यंत्रणेत) ट्रॅक घालायचा तर त्यावरचे हक्क एक्सक्लुझिव्ह असावे लागतात, नॉन-एक्सक्लुझिव्ह लायसन्सवर फिरणारा माल चालत नाही. माझ्या ओळखीच्या एका संगीतकारानं ट्रॅक साइटवर विकायला ठेवला आणि तोच स्पॉटिफायवर टाकताना डिस्ट्रिब्युटरच्या (गाणी अशा अ‍ॅपवर पोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये कंटेंट आयडीपुढे टिकही केली. कळंगुटच्या एका हॉटेलनं रीतसर पैसे भरून तो ट्रॅक घेतला, व्हिडिओ चढवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावरच क्लेम! पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला असा मनस्ताप झाल्यावर साइटनं संगीतकाराचं सगळं खातंच बंद केलं. जाता जाता: तुमच्या वीसांपैकी कशात तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे आयते आवाजाचे तुकडे) वापरलेत हेही तपासा. तोच लूप जगात हजारो लोकांनी वापरलेला असतो, त्यामुळे असे ट्रॅक कंटेंट आयडीला अपात्र ठरतात आणि एक्सक्लुझिव्हवालेही सहसा घेत नाहीत. ते निमूट नॉन-एक्सक्लुझिव्हच्या ढिगात टाका.

आता त्या पहिल्या कराराकडे. एक्सक्लुझिव्ह फक्त त्या ट्रॅकपुरतं आहे की तुम्हीच एक्सक्लुझिव्ह आहात, ते वाचा. दुसरा प्रकार असेल तर दुसऱ्या कुठल्याच लायब्ररीला काही देता येणार नाही, आणि पगार दिल्याशिवाय असं बांधून घेण्यात कुणाला काही अर्थ नाही. कायमचं द्या म्हणतात तर त्याचे पैसे मोजायला हवेत. ट्रॅकमागे ठोक रक्कम देऊन कायमचे घेत असतील तर ती सरळ विक्री आहे, भाव पटला तर करा, त्यात कमीपणा नाही. फुकट आणि कायमचं, हे मात्र नको. त्याऐवजी तीन वर्षांची मुदत मागा, किंवा दोन वर्षांत एकही लायसन्स गेलं नाही तर ट्रॅक परत, असं कलम घाला. मुदतीत ज्यांना दिला त्यांचा वापर पुढेही चालू राहील असं ते म्हणतील, ते मान्य करा, रास्त आहे.

पैशांचं कलम बहुतेक जण घाईत वाचतात. सिंक फीचे (व्हिडिओला संगीत जोडायच्या परवानगीच्या पैशांचे) पन्नास टक्के, हे ऐकायला छान. पण कशाचे? गिऱ्हाइकानं भरलेल्या रकमेचे, की लायब्ररीचे खर्च वजा करून उरेल त्याचे? शिवाय अनेक लायब्रऱ्या चॅनेलांशी वर्षाचा घाऊक करार करतात, तिथे ट्रॅकगणिक सिंक फी नसतेच. मग तुमच्या पदरात पडते ती फक्त प्रक्षेपणाची रॉयल्टी, आणि त्यातला रचनाकाराचा वाटा शाबूत राहायला हवा. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिनं हा वाटा बराच पक्का केला. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात घेतलेल्या संगीताच्या रॉयल्टीतला समान वाटा रचनाकाराला लिहून देता येत नाही. वारसाला किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बाकी कुणाला नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पण तुमच्या करारात 'कायमचे' आणि 'संपूर्ण विश्वात' असं लिहिलेलं असणार (हो, विश्वात; मंगळावर कुणी मालिका काढली तर त्यांची सोय झालेली आहे), आणि वाद झाला तर कायदा त्यांच्या देशाचा असेल. त्यामुळे आपल्या कायद्याच्या भरवशावर सही करू नका, जे हवं ते करारातच लिहून घ्या.

आयपीआरएसचे (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी वसूल करणाऱ्या आपल्याकडच्या सोसायटीचे) सभासद नसाल तर व्हा. मात्र सभासद होताना सार्वजनिक वादनाचे हक्क तुम्ही सोसायटीकडे सोपवता. काही रॉयल्टी-फ्री साइटना (एकदाच पैसे घेऊन संगीत देणाऱ्या) नेमकं हेच चालत नाही, त्यांना कुठल्याही सोसायटीत नसलेला संगीतकार हवा असतो. ती दुसरी साइट त्यातली आहे का, ते अटींमध्ये शोधा. दोन्हीकडे 'हो' म्हणून पुढे निस्तरता येत नाही.

नाटकांसाठी केलेल्या संगीताबद्दल वेगळं सांगायला हवं. मंडळानं मानधन दिलं म्हणून हक्क आपोआप मंडळाचे होत नाहीत, तुम्ही त्यांचे नोकर नसाल आणि लिहून दिलं नसेल तर ते तुमचेच. पण नाटकाचे प्रयोग चालू असतील, उद्या मंडळ तेच कला अकादमीच्या स्पर्धेत नेणार असेल, तर तो ट्रॅक कोरा राहिलेला नाही. मंडळाकडून दोन ओळींचं पत्र घ्या आणि लायब्ररीला आधीच सांगा. एक्सक्लुझिव्ह करारात सगळं माझं आणि मोकळं आहे अशी हमी तुम्ही देता, आणि खोटी ठरली तर नुकसानभरपाईही तुमच्याच गळ्यात.

वादकांचंही तसंच. तुमच्या काही ट्रॅकमध्ये घुमट, शामेळ (मातीच्या भांड्यावर चामडं ताणलेली तालवाद्यं) आणि कांसाळें (झांज) आहे असं लिहिलंयत. मी म्हणेन, तुमचा खरा माल तोच. तसलं मातीचं भांडं आणि त्यावरचं चामडं सॅम्पल पॅकमध्ये धड मिळत नाही. पावसात चामडं सैल पडतं, मध्येच रेकॉर्डिंग थांबवून ते शेकावं लागतं, आणि चवथीच्या आरतीला हात बसलेला वादक जो ठेका धरतो तो कीबोर्डवर येत नाही. हे ट्रॅक नॉन-एक्सक्लुझिव्हमध्ये घालवू नका. मात्र वाजवणाऱ्याकडून सही घेतलेला कागद हवाच: किती पैसे दिले, कशासाठी वाजवलं, पुढे कुठे वापरायची परवानगी आहे. गावातलाच माणूस, कागद काय मागायचा, असं वाटेल, तरी मागा. चाल आरतीची किंवा धालोची (बायकांच्या लोकनृत्यगीतांची) असेल तर ती पारंपरिक, हक्क फक्त तुमच्या बांधणीवर. मांडो, दुलपदं या कोकणी गाण्यांच्या बाबतीत सावध राहा, लोकगीत म्हणून गायली जाणारी बरीच गाणी कुणीतरी रचलेली आहेत, आणि रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो.

टॅगमध्ये नुसतं 'गोवा' लिहू नका. हणजुणेच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांच्या कृपेनं तो शब्द शोधणाऱ्याला ट्रान्स (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) हवा असतो.

तर वीसांची वाटणी करा. लूपवाले आणि कॉर्पोरेट छापाचे ती दुसरी साइट री-टायटल करत नसेल तर तिला आजच द्या. घुमटाचे आणि त्या तोडीचे पाच-सहा पहिल्या लायब्ररीला, पण तीन वर्षांची मुदत, ट्रॅकपुरतं एक्सक्लुझिव्ह, एकूण फीचा निम्मा वाटा आणि रचनाकाराची रॉयल्टी अबाधित, अशा दुरुस्त्यांसह मेलवर पाठवा. सोबत साठ, तीस आणि पंधरा सेकंदांचे कट आणि स्टेम्स (वाद्यांचे सुटे ट्रॅक) तयार आहेत हेही कळवा, त्यानं बोलणी हलतात. लायब्ररी अमेरिकेतली असेल तर डब्ल्यू-८बेन या तिथल्या कराच्या फॉर्ममध्ये पॅन घालून करसवलतीचा दावा करा, नाहीतर तिथल्या रॉयल्टीवर पंधराऐवजी तीस टक्के कापले जातील. उत्तर यायला आठवडे लागतात. तोवर तेच ट्रॅक आणखी दोन-तीन एक्सक्लुझिव्ह लायब्रऱ्यांना ऐकवायला हरकत नाही, सही होईपर्यंत तुम्ही कुणाचेच बांधलेले नाही.