फुटबॉलमध्ये एकाच सीझनमध्ये कप जिंकून टीम रेलिगेट (म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलली) कशी काय होऊ शकते?

होऊ शकते, झालीये पण. २०१२-१३ चा एफए कप (इंग्लंडची नॉकआउट स्पर्धा) बघा, विगन अ‍ॅथलेटिक ही टीम. लीग आणि कप या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत, लीगमध्ये ३८ मॅचचे पॉइंट मोजतात आणि कपमध्ये हरलात की घरी, त्यामुळे लीगमध्ये मार खाणारी टीम कपात पुढे जाऊ शकते, ड्रॉ (कोणाशी खेळायचं याची सोडत) जरा बरा लागला तर अजूनच.

विगनची सुरुवात काही भारी नव्हती, तिसऱ्या राउंडला बोर्नमथशी बरोबरी, रिप्लेमध्ये (परत खेळवलेल्या मॅचमध्ये) कसेबसे १-० ने जिंकले. पण क्वार्टर फायनलला एव्हर्टनच्या मैदानावर चारेक मिनिटांत तीन गोल ठोकले!! सेमीत मिलवॉल, २-०.

११ मे २०१३ ला वेम्बलीवर फायनल, समोर मँचेस्टर सिटी. शेवटी शेवटी झाबालेटाला रेड कार्ड, सिटी दहा जणांवर, आणि इंज्युरी टाइममध्ये मलोनीच्या कॉर्नरवर बेन वॉटसनचा हेडर, १-०. हा वॉटसन नोव्हेंबरमध्ये पाय मोडून बसला होता आणि फायनललाही सब म्हणूनच आलेला, मला तर त्या मॅचमधलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

मग तीनच दिवसांनी लीगमध्ये आर्सेनलकडून ४-१ ने हरले आणि गेले खाली. एफए कप जिंकून त्याच सीझनला रेलिगेट होणारी ती पहिलीच टीम. गंमत म्हणजे पुढच्या वर्षी सेकंड डिव्हिजनमध्ये असूनही युरोपा लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) खेळले, कारण कप जिंकला की युरोपचं तिकीट मिळतं.