वर तर लिहिलंय, मग सापडत का नाही?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत 'नेमएरर' (वापरलेलं नाव सापडत नाही, असा एरर) आला म्हणून अडलेल्या चौघांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मी अकरावीत आहे. बिलाच्या प्रोग्राममध्ये 'एकूण' हे व्हेरिएबल पहिल्याच ओळीत आहे, तरी बाराव्या ओळीवर 'नेम इज नॉट डिफाइन्ड' येतं. असं का?

तुझा कोड पाहिला. पहिल्या ओळीत 'एकुण' आहे, बाराव्या ओळीत 'एकूण'. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा गुण जातो, इथे अख्खा प्रोग्राम बसतो. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं खुशाल चालतात, पण एक काना-मात्रा इकडची तिकडे झाली की नाव वेगळं. इंग्रजीतही तेच, तिथे कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं घात करतात.

तू मला एररचा संदेश अर्धाच पाठवलास. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून त्याच ओळीत पुढे 'डिड यू मीन: एकुण?' असंही येतं. गंमत बघ, तो चुकीचं स्पेलिंग सुचवतोय! त्याला शुद्धलेखनाशी देणंघेणं नाही. तू आधी जे लिहिलंस तेच त्याच्या वहीत आहे. दुरुस्ती पहिल्या ओळीत कर. आणि नाव दरवेळी नव्याने टाइप करू नकोस, एडिटर सुचवतो ते घे.

प्रश्न : 'सूट_काढा' या फंक्शनमध्ये 'सूट' काढली. फंक्शन चालतं, पण बाहेर 'सूट' छापायला गेलं की एरर.

फंक्शनच्या आत ठेवलेलं नाव फंक्शनपुरतंच असतं. काम संपलं की ते बाहेरच्यांना दिसत नाही. त्यामुळे आतून 'रिटर्न सूट' करा आणि बाहेर उत्तर झेला:

सूट = सूट_काढा(एकूण)

बरेच जण पहिला अर्धा भाग करतात आणि झेलायचं विसरतात. नुसतं सूट_काढा(एकूण) लिहून खाली 'सूट' मागतात. मग पुन्हा तोच एरर. काही जण 'ग्लोबल' लिहून, म्हणजे आतलं नाव सगळ्या प्रोग्रामला खुलं करून, सुटका करून घेतात. चालतं, पण शिकताना ही सवय लावून घेऊ नका. प्रोग्राम दोनशे ओळींचा झाला की व्हेरिएबलची किंमत कुठे बदलली ते शोधत बसाल.

प्रश्न : ज्युपिटर नोटबुक (कोड तुकड्या-तुकड्यांत, म्हणजे सेलमध्ये, लिहून चालवायची फाइल) काल नीट चालत होती. आज उघडून मधला सेल चालवला तर एरर. उत्तरं तर खाली दिसताहेत!

ती कालची छापील उत्तरं. नावं मेमरीत होती, ती कर्नल (मागे बसून कोड चालवणारा प्रोग्राम) बंद होताच गेली. वरून सगळे सेल क्रमाने चालवा. याहून वाईट प्रकार म्हणजे तुम्ही एखादा सेल खोडता, पण त्यातलं नाव मेमरीत राहतं. तुमच्याकडे सगळं ठीक, सरांच्या मशीनवर एरर. असाइनमेंट देण्याआधी कर्नल रीस्टार्ट करून पूर्ण नोटबुक एकदा पळवाच.

प्रश्न : व्हिडिओत पाहून 'रॉ_इनपुट' लिहिलं, तर तेच नाव सापडत नाही म्हणतो.

ते जुन्या पायथन २ मधलं. आता, पायथन ३ मध्ये, नुसतं 'इनपुट' लिहा. आणि तो व्हिडिओ सोडा, पुढे प्रिंटच्या कंसावर अडाल; पायथन २ मध्ये तो कंस लागत नसे, आता लागतो.