पोटातल्या शिरेत गुठळी, उपचार मात्र टायफॉइडचे

डायव्हर्टिक्युलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या भिंतीला आलेल्या छोट्या पिशव्यांना सूज येणं. त्यावर तेच ते प्रश्न येताहेत, म्हणून एकदाच उत्तरं देतो.

तर्री पोहे खाल्ल्याने होतो का? पेरूच्या बिया अडकतात म्हणतात.
नाही. बियांची गोष्ट जुनी ऐकीव आहे.

वडील ५८ वर्षांचे, याच आजारातून बरे झाले. दहा दिवसांनी थंडी वाजून ताप, विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, टायफॉइडची औषधं दिली. आता सीटीत लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी निघाली. आतड्याचा लिव्हरशी काय संबंध? (महाल)
संबंध सरळ आहे. आतड्याचं रक्त पोर्टल व्हेनमधून लिव्हरकडे जातं, आतड्यात इन्फेक्शन असलं की जंतू त्याच वाटेनं चढतात, शिरेला सूज येते, आत गुठळी होते आणि त्या गुठळीतही जंतू असतात. याला पायलेफ्लेबायटिस म्हणतात. तसा क्वचित होतो, पण लिव्हरमध्ये पू होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आता विडालचं बोलू. आपल्याकडे ताप आला की विडाल, आणि एका विडालवर टायफॉइडचा शिक्का! अहो, आधी कधी टायफॉइड होऊन गेला असेल किंवा लस घेतली असेल तरी ती पॉझिटिव्ह येते. पोटाच्या इन्फेक्शननंतर हुडहुडी भरून ताप आला, कावीळ दिसली, तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) हवं, आणि शिरेत औषध देऊन केलेला कॉन्ट्रास्ट सीटीही हवा (आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी बघून). साध्या सोनोग्राफीत गॅसमुळे शीर दिसत नाही कितीदा, आणि लोक 'सोनोग्राफी नॉर्मल आली' म्हणून आठ दिवस घरी बसतात, मेडिकल स्टोअरवाल्याच्या पेनकिलरवर, ज्याने सुजलेली पिशवी फुटायचा धोका अजून वाढतो. मेडिकल, मेयो (नागपूरची सरकारी हॉस्पिटलं), जिथे जमेल तिथे जा, पण त्याच दिवशी जा बाप्पा. वडिलांना सर्जन आणि गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी मिळून बघायला हवं.

ताप गेला, अँटिबायोटिक बंद करू?
नाही. पायलेफ्लेबायटिसमध्ये आधी सलाईनमधून, मग गोळ्या, असे साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. किती दिवस ते तुमचे डॉक्टरच सांगतील.

रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागेल?
बहुतेकांना नाही, काहींना तर देतही नाहीत. गुठळी कुठवर पसरली, रक्तस्रावाचा धोका किती, यावर ठरतं आणि डॉक्टरांमध्येही यावर मतभेद आहेत. शौचातून काळं किंवा लाल गेलं तर लगेच दाखवा.

आतडी साफ करायचं डिटॉक्स पॅकेज ऑफरमध्ये आहे, घेऊ का? (धरमपेठ)
पैसे ठेवा. सुजलेल्या आतड्यात एनिमा घालू देऊ नका. सूज उतरल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची कॅमेऱ्याने तपासणी) लागेल का, ते मात्र विचारा.