घासण्याआधी लिही

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू जुन्या बाजारातून थेट माझ्याकडे आलास, वर्तमानपत्रात गुंडाळलेली संगीन टेबलावर ठेवलीस आणि एका दमात चार प्रश्न विचारलेस. खरी का खोटी, कितीला जाईल, चकचकीत कशी करू, आणि आता पुढची कुठली घेऊ? घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. तू गेल्यावर मला झोप लागली नाही, कारण निघताना तू म्हणालास, "काका, आज रात्रीच पॉलिश पेपर मारतो."

मारला नसशील अशी आशा आहे. आधी लिही. मग घास.

विकणाऱ्यानं १९०७ सालची म्हणून सांगितली आणि तू ती तशीच धरलीस. १९०७ हे नमुन्याचं साल. ब्रिटिशांनी ली-एनफिल्ड रायफल आखूड केली, तिच्या तोंडाला संगीन लावूनही शिपायाची पोच कमी झाली, म्हणून जपान्यांच्या अरिसाका रायफलच्या संगिनीवरून त्यांनी १७ इंची पात्याचा हा नमुना बेतला. घडवल्याची तारीख त्याच्याखाली असते, आधी महिना, मग साल. तुझ्या पात्यावर ५ आणि १७ आहेत. म्हणजे मे १९१७. तू त्याला 'कसला तरी नंबर' म्हणालास! त्याच्याखाली विल्किन्सनचं नाव आहे. पलटवून पाहा. फुली म्हणजे पातं वाकवून तपासल्याची खूण. सुटा बाण म्हणजे सरकारी माल. आणि जिला तू चांदणी म्हणत होतास, ते टोकाला टोक भिडवलेले दोन बाण आहेत. सरकारनं ती निकालात काढून विकली, त्याचा तो ठसा. मुठीच्या टोकाजवळचं भोक १९१६ पासूनचं, आतली घाण बाहेर पडावी म्हणून ठेवलेलं. मुठीपुढच्या आडव्या पट्टीला हुक नाही, कारण तो १९१३ मध्येच काढून टाकला होता. सगळं एकमेकांशी जुळतं. म्हणून ती खरी आहे. पण हे मी का सांगावं? तुझ्याकडे भिंग होतं, टॉर्च होता. उजेड तिरपा धरला असतास तर तुलाच दिसलं असतं.

बाणाशेजारी एक इवलासा मुकुट आहे, त्याखाली आकडा. तो तपासनिसाचा ठसा. मी पस्तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला इन्स्पेक्शन केलं. माझाही ठसा होता, नंबरासकट. माल चुकला तर त्या नंबरावरून मला बोलावणं यायचं. म्हणून त्या मुकुटावर बोट ठेवलं की मला तो माणूस ओळखीचा वाटतो. त्यानं ते पातं हातात घेऊन पाहिलं होतं. तू ते पॉलिश पेपरनं पुसणार होतास.

मी पुसलंय, म्हणून एवढं बोलतो. १९८४ सालची गोष्ट. आमच्या वाड्यातल्या एका निवृत्त सुभेदारांनी मला अशीच एक संगीन दिली. मी बावीस वर्षांचा, हाताशी कारखान्याचं बफिंग मशीन. जेवणाच्या सुट्टीत पातं आरशासारखं केलं आणि मुठीच्या पोलादी टोकावरची पलटणीची खूणसुद्धा उडवली. सुभेदारांनी हातात घेतली, फिरवून पाहिली, काही न बोलता परत दिली. खूण काय होती? एक अक्षर होतं, बहुतेक एम. खाली तीन आकडी नंबर. त्या 'बहुतेक'वर काही उभं राहत नाही. कागदावर दोन ओळी उतरवल्या असत्या, पेन्सिलनं ठसा घेतला असता, तर आज ती कुठल्या पलटणीची हे शोधता आलं असतं.

आधी लिही. लांबी, रुंदी, वजन, प्रत्येक ठसा जसा दिसतो तसा, अर्थ लागो न लागो. न लागलेला अर्थ दहा वर्षांनी लागतो, न लिहिलेला ठसा कधीच लागत नाही.

या पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरं गोळा केली. चिटोऱ्यावरची ओळही आपल्याकडे पुरावा म्हणून जपतात. मग लोखंडावरची ओळ आपण का घासून टाकतो? मला याचा खरोखर संताप येतो.

लिहिण्याला दुसरी बाजू आहे, आणि तिथे मी जास्त चुकलो. सातारा जिल्ह्यातल्या एका घरी देव्हाऱ्याशेजारी संगीन टांगलेली होती. पणजोबांनी पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या लढाईतून आणली, असं घरातल्या आजी सांगत होत्या. मी हातात घेतली. १२ इंची सपाट पातं, पात्यावर लांबट खाच नाही, इशापूरच्या रायफल कारखान्याचा आर.एफ.आय. ठसा आणि पुढे ४३. म्हणजे १९४३. पहिलं महायुद्ध १९१८ मध्ये संपलं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. आजी गप्प झाल्या. पुढे त्या घरानं माझा फोन उचलला नाही. लोक म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं? मी आजही म्हणतो की सांगितलं ते बरोबरच होतं. पात्यावरचं साल कुणाच्या मायेखातर बदलत नाही. पण मी आजींचं बोलणं लिहून घेतलं नाही. पणजोबा कुठल्या पलटणीत, कुठून भरती झाले, परत आले तेव्हा काय म्हणाले, हे त्या सांगत होत्या आणि मी वही मिटून बसलो होतो, कारण साल जुळत नव्हतं. संगीन दुसऱ्या कुणाची असेल, पणजोबा तर खरे होते ना! आजी आता नाहीत. तेव्हा डाव्या पानावर पातं काय सांगतं ते, उजव्या पानावर माणसं काय सांगतात ते. दोन्ही लिही, एकमेकांत मिसळू नकोस.

बाकीचं थोडक्यात. लाल गंज पातळ तेलाच्या बोळ्यानं हलकेच काढ, काळपट थर राहू दे. लाकडी मुठीला जवसाच्या तेलाचा हात पुरे. चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नकोस, चामडं पावसाळ्यातली ओल धरून बसतं. आणि ९ इंचांहून लांब पात्याच्या संगिनी शस्त्र कायद्याच्या यादीत येतात, तेव्हा पोलीस ठाण्यात जाऊन परवान्याचं विचारून घे; तोवर ती घेऊन गावभर फिरू नकोस, माझ्याकडेही आणू नकोस. वही आण. कितीला जाईल याचं उत्तर मी देणार नाही. पुढची कुठली, तर कुठलीच नाही. तुझ्याकडे अकरा चाकू आहेत आणि एकाचीही नोंद नाही. ते अकरा संपव, मग केळकर संग्रहालयात आपण दोघं जाऊ.

परवा बुधवार, जुना बाजार भरेल. त्या विकणाऱ्याला गाठ. कुठल्या घरातल्या सामानात ती आली, सोबत ट्रंक होती का, कागद होते का, म्हातारं कुणी होतं का, विचार. आठवड्याभरात तो विसरेल. सकाळी लवकर जा, गर्दी झाली की तो बोलायचा नाही. आणि चहा तू पाज.

तुझा,
काका