वीस टक्के, पण कशाचे?

तारकर्लीजवळच्या एका वाचकाचं पत्र चार पानी आहे. कामाचं तेवढं सांगतो. माडाच्या बागेत सहा खोल्या बांधल्या आणि ऑक्टोबर २०२२ पासून पुण्याच्या एका कंपनीला चालवायला दिल्या. बुकिंगचे पैसे कंपनीच्या खात्यात जमा होतात. कंपनी आपले २० टक्के कापून घेते आणि उरलेले पुढच्या महिन्याच्या १० तारखेला पाठवते. २०२४-२५ चे मात्र २२ टक्के कापले. मे २०२५ मध्ये भाच्याने हिशेब तपासला तेव्हा काहीतरी जास्त जातंय असं लक्षात आलं. जूनमध्ये वकिलाची नोटीस गेली, कंपनीने ती झिडकारली. आता प्रश्न असा: हा दर अवाजवी नाही का, आणि करार मोडता येईल का? गुहागर, हर्णै, वेंगुर्ल्याकडून येणाऱ्या पत्रांतही थोड्याफार फरकाने हेच असतं.

दर अवाजवी आहे का, हे सही करण्याआधी विचारायचं. धंद्यातल्या दोन पक्षांनी राजीखुशीने ठरवलेला दर एकाला महाग पडला म्हणून कोर्ट तो बदलून देत नाही. तेव्हा त्या २० ला चिकटून बसू नका. आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की पेटीचा भाव तुम्ही एकदा बघता; हमाली, तोलाई, गाडीभाडं दोनदा बघता. इथे कंपनीच्या मासिक हिशेबाच्या ३९ पट्ट्या आल्या आणि एकही उलगडून बघितली नाहीत.

तुमच्या प्रकरणाचा जीव परिशिष्ट 'ब' मधल्या एका वाक्यात आहे. कलम ६ फक्त 'एकूण उत्पन्नाच्या २० टक्के' म्हणतं. 'एकूण उत्पन्न' म्हणजे काय, ते परिशिष्टात लिहिलंय: 'पाहुण्यांकडून मिळालेली रक्कम, शासकीय कर व परतावे वगळून'. परिशिष्ट 'नेहमीचं छापील असेल म्हणून वाचलं नाही' असं तुम्ही लिहिता. त्या छापील पानावरच तुमचे पैसे आहेत.

तुम्ही पाठवलेल्या कागदांतलं डिसेंबर २०२४ चं एक बिल घेऊ. खोलीभाडं ४,००० रुपये, त्यावर १२ टक्के जीएसटी ४८०, पाहुण्याने दिले ४,४८०. बुकिंग साइटने भाड्यावर १८ टक्के कमिशन कापलं, ७२० रुपये, आणि त्या कमिशनवरचा जीएसटी १२९.६०. टीसीएस (साइट कापून सरकारकडे भरते तो कर) बाजूला ठेवला तर खात्यात आले ३,६३०.४०. आता २० टक्के काढा. ४,४८० चे ८९६. ४,००० चे ८००. साइटचं कमिशन वजा जाता उरलेल्या ३,२८० चे ६५६. त्या बिलावर कंपनीने कापलेत ८९६; २२ टक्क्यांचं पुढे येतंच. करार म्हणतो ८००.

तुम्हाला ६५६ हवेत. ते विसरा. काय काय वगळायचं ते व्याख्येत नाव घेऊन लिहिलंय आणि त्यात साइटचं कमिशन नाही. शिवाय शब्द 'पाहुण्यांकडून मिळालेली' असे आहेत, आणि पाहुण्याने ४,००० मोजलेच. 'मालकाच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली' असं लिहून घेतलं असतं तर वाद घालता आला असता. स्नॉर्केलिंगच्या पैशांचं सांगणं कठीण आहे. बोटवाल्याचे पैसे रिसेप्शनवर घेऊन संध्याकाळी त्याला देता, त्यावरही टक्केवारी लागली आहे. पावती बोटवाल्याच्या नावाची असेल तर ते तुमचं उत्पन्न नाही असं म्हणायला जागा आहे. खोलीच्याच बिलात एक ओळ म्हणून टाकले असतील तर बाजू कमकुवत आहे.

खरा फटका २०२४-२५ मध्ये बसलाय, आणि त्यामागचं कारण तुमच्या पत्रात कुठेच नाही. कलम ६ च्या दुसऱ्या परिच्छेदात 'वार्षिक एकूण उत्पन्न ३६ लाखांपेक्षा जास्त झाल्यास शुल्क २२ टक्के राहील' असं आहे. त्या वर्षीच्या ८५० रूम-नाइट्स, सरासरी भाडं ४,०००, म्हणजे ३४ लाख. ३६ लाखांच्या आतच. कंपनीने त्यात १२ टक्के कर मिसळून ३८,०८,००० केले, ३६ लाखांची रेघ ओलांडली असं दाखवलं आणि पूर्ण रकमेवर २२ टक्क्यांनी ८,३७,७६० रुपये घेतले. व्याख्येप्रमाणे ३४ लाखांचे २० टक्के, ६,८०,००० एवढेच देणं होतं. फरक १,५७,७६०. त्यातले ८१,६०० कर मिसळल्याचे आणि ७६,१६० टप्पा ओलांडल्याचे. दोन्हींचं मूळ एकच.

(टप्प्याच्या कलमातही एक भोक आहेच. रेघ ओलांडल्यावर २२ टक्के सगळ्या रकमेवर की ३६ लाखांच्या वरच्या भागावर, हे लिहिलेलं नाही. ३७ लाखांवर पहिल्या अर्थाने ८,१४,००० होतात, दुसऱ्याने ७,४२,०००. 'शुल्क २२ टक्के राहील' हे शब्द पहिल्या अर्थाकडे झुकतात. आज तुम्हाला त्या वादात शिरायची गरज नाही; रेघ ओलांडलेलीच नाही.)

हिशेब स्वतः बांधा, भाच्याला बसवा. महिनावार तक्ता: करापूर्वीचं भाडं, कर, कापलेलं शुल्क, करारानुसार शुल्क, फरक. नेहमी चुकतं ते इथे: ४,४८० मधून १२ टक्के वजा केले की ३,९४२.४० येतात आणि ते चूक आहे. कर धरून आलेल्या रकमेला ११२ ने भागून १०० ने गुणायचं, तेव्हा ४,००० येतात. सगळ्या वर्षाला एकदम ११२ ने भागू नका. नाताळ ते ३१ डिसेंबर समुद्राकडची खोली ७,५०० च्या वर गेली असेल तर तिथे कर १८ टक्के. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीवर कर ५ टक्के आहे, तिथे १०५ ने भागायचं. त्या तारखेनंतर ४,००० च्या खोलीमागे फरक ९६ वरून ४० वर आलाय.

पुरावा तुमच्याच जीएसटी पोर्टलवर पडलाय. तुमच्या नोंदणीवरची मासिक विवरणपत्रं कंपनीचाच अकाउंटंट भरतो. त्यातल्या ३बी (जीएसटीआर-३बी) या विवरणपत्रात करपात्र रक्कम वेगळी आणि कर वेगळा दिसतो. कर भरताना ३४ लाख आणि शुल्क कापताना ३८ लाख, हे दोन कागद शेजारी ठेवले की कंपनीला व्याख्या कळत नव्हती असं म्हणता येणार नाही. सगळी ३बी आजच उतरवून घ्या; लॉगिन कंपनीकडे असेल तर पासवर्ड आधी बदला.

एक गोष्ट मात्र मागू नका. जादा शुल्कावर कंपनीने १८ टक्के जीएसटीही लावलाय, २०२४-२५ चा तो २८,३९६.८० होतो. पण तेव्हाच्या १२ टक्के दराखाली तुम्हाला इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेला जीएसटी स्वतःच्या करातून वजा करण्याची सोय, मिळत होतं. ते घेतलेलं असेल आणि पुन्हा कंपनीकडून मागितलं, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तुम्हाला खोटं पाडेल. ५ टक्क्यांच्या दराखाली क्रेडिट नाही, म्हणून २२ सप्टेंबर २०२५ नंतरच्या जादा शुल्कावरचा जीएसटी जरूर मागा.

आता उशीर. त्याने माझा संताप होतो, कारण पैसे रोज गळताहेत. मुदत कायदा १९६३ प्रमाणे अशा मागणीला साधारण ३ वर्षं. प्रत्येक महिन्याची कपात वेगळी, तिचं घड्याळ वेगळं. डिसेंबर २०२२ चे पैसे १० जानेवारी २०२३ ला आले. ते आता गेले. त्याआधीची दिवाळीही गेली. जानेवारी २०२३ ची कपात १० फेब्रुवारी २०२६ पर्यंतच मागता येते, पुढे महिन्यामागून महिना.

जूनची नोटीस गेली होती ना, असं म्हणाल. त्या नोटिशीने काही थांबलेलं नाही. '१५ दिवसांत रक्कम परत करा, अन्यथा कायदेशीर कारवाई' या मजकुराने मुदत थांबत नाही. तुमच्या कराराच्या कलम १७ मध्ये लवाद आहे, म्हणजे वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या तिऱ्हाइताने सोडवायचा. लवाद कायदा १९९६ च्या कलम २१ नुसार, वाद लवादाकडे सोपवा अशी मागणी समोरच्याला मिळते त्या दिवशी कार्यवाही सुरू झाली असं धरतात, आणि मुदत तिथे थांबते. पाठवल्याच्या नाही, मिळाल्याच्या दिवशी. म्हणून नवी नोटीस हवी. तिच्यात चार गोष्टी असू द्या: कलम १७ चा उल्लेख, वाद लवादाकडे देत असल्याचं स्पष्ट वाक्य, महिनावार तक्ता आणि लवादासाठी दोन-तीन नावं. व्याजही त्यातच मागा. करारात २ टक्के दरमहा व्याज फक्त तुमच्या उशिरासाठी लिहिलंय, त्यांच्यासाठी काही नाही. व्याज कायदा १९७८ खाली लेखी मागणीच्या तारखेपासून तरी ते मागता येतं.

करारात 'रजिस्टर्ड एडीने' असं आहे. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. सही तुमची आणि मुंबईच्या थोरल्या भावाची, दोघांचीही. करारावर तुम्ही दोघेच आहात. सातबाऱ्यावर आणखी सहा नावं आहेत म्हणून कंपनी कुरकुर करेल, पण करार तिने तुमच्या दोघांशीच केलाय.

आता तुमचे 'ओके'. मे २०२५ पर्यंत जवळजवळ प्रत्येक हिशेबाखाली तुम्ही व्हॉट्सॲपवर 'ओके' लिहिलंय, दोनदा 'थँक्यू सर' सुद्धा. कलम १४ म्हणतं, ३० दिवसांत लेखी हरकत नाही घेतली तर हिशेब अंतिम. हे कलम तुमचा हक्कच बुडवत असेल तर करार कायदा १८७२ च्या कलम २८ खाली ते तेवढ्यापुरतं रद्द ठरतं, असा युक्तिवाद करता येईल. उलट बाजूने म्हणतील की हक्क बुडत नाही, फक्त हिशेब मान्य झाल्याचा पुरावा होतो. लवाद कुठे झुकेल ते छातीठोक सांगता येत नाही. 'ओके' म्हणजे 'मिळालं' की 'मान्य', यावर उलटतपासणी होईल, तयारी ठेवा. तो फोन विकू नका, रीसेट करू नका.

तीन वर्षांपूर्वीच्या महिन्यांसाठी दोन दारं किलकिली आहेत. एक, चुकीमुळे गेलेले पैसे. मुदत चूक कळल्यापासून, पण 'रीतसर काळजी घेतली असती तर कळली असती' तेव्हापासूनही मोजतात. कर आणि भाडं हिशेबात शेजारच्या रकान्यांत छापलेलं असताना कळलं नाही म्हणणं जड जाईल. दुसरं दार बरं आहे. कंपनी तुमची एजंट ठरली तर मुदत कायद्याच्या अनुसूचीतला अनुच्छेद ३ लागू शकतो: हिशेब मागून नाकारला तेव्हापासून ३ वर्षं, मागितलाच नसेल तर एजन्सी संपल्यापासून. कंपनी म्हणेल की हिशेब दर महिन्याला दिलाय. शिवाय अशा करारांत 'कंपनी स्वतंत्र कंत्राटदार आहे, एजंट नाही' अशी ओळ बहुतेक वेळा असते. ती शोधा. नसेल तर ऑक्टोबर २०२२ पासूनचं सगळं मागा.

कलम १७ मध्ये लवाद कंपनीने नेमायचा असं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर एकाच पक्षाने एकमेव लवाद नेमणं टिकत नाही, त्याला घाबरू नका. तुमच्या नावांवर ३० दिवसांत सहमती झाली नाही तर उच्च न्यायालयात अर्ज. सिंधुदुर्गासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, पण लवादाचं स्थान तुम्ही 'पुणे' मान्य करून बसलाय, त्यामुळे अर्ज बहुधा मुंबईलाच. असा अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. तुम्ही वर्षाची तयारी ठेवा. ५ लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतली नमुना फी ४५,००० आहे, एकटा लवाद असेल तर त्यावर २५ टक्के, म्हणजे ५६,२५०, दोघांत निम्मी. आधी तडजोडीला बोलावलं तर जा, पण नोटीस पोचल्याची पावती हातात आल्यावर.

चालू वर्षाचं आत्ताच सांभाळा. मार्चचा हिशेब १० एप्रिलला येईल आणि पुन्हा कर धरून ३६ लाखांची रेघ दाखवतील. एप्रिल ते डिसेंबर २०२५ चं करापूर्वीचं भाडं किती झालं ते आत्ताच ईमेलने कळवा, आणि यापुढे प्रत्येक हिशेबाखाली 'ओके' ऐवजी 'परिशिष्ट ब नुसार अमान्य' एवढं लिहा.

करार मोडण्याबद्दल आज उत्तर देता येत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोप्रतीत पान ९ नंतर थेट पान ११ आहे. लॉक-इन (ठरावीक काळ करार मोडता न येण्याची अट) आणि समाप्तीचं कलम मधल्या पानावर असावं. ते मिळेपर्यंत खोल्यांना कुलूप लावू नका.